उरलेला खडा

खदानीवर मांडव पडलेला दिसला तेव्हा बबिताला आधी वाटलं, मालकाच्या घरचं लग्नच निघालं. लाल-पांढरं कापड, भाड्याच्या खुर्च्या, आचारी, चुलीवर चढवलेलं पातेलं, आणि तोंडाशीच बंकट मुकादमाचा हसरा फोटो असलेला भला मोठा फलक. फलकावर लिहिलं होतं, 'कामगार सुरक्षा प्रशिक्षण शिबिर', आणि बंकटच्या नावाखाली, 'सुरक्षा प्रमुख'. ज्या माणसानं तिच्या नवऱ्याला मरायला आत धाडलं, तोच आता सगळ्यांचा जीव सांभाळणार होता. बबितानं तो फलक दोनदा वाचला आणि तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. शिवी बंकटच्या आईवर जात होती म्हणून ती तिनं अर्ध्यातच सोडली. त्या बिचारीचा काय दोष?

ही खदान दिंद्रुडहून परळीच्या अंगाला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, उजाड माळावर आहे. रस्त्यावरून दिवसभर वीज केंद्राच्या राखेचे टिप्पर जातात, आतून खडीचे. वाळत घातलेलं धुणं दुपारपर्यंत पुन्हा धुवायला होतं. दसरा झाला की आसपासच्या वाड्या-वस्त्या ऊसतोडीला निघून जातात. ज्यांना जायचं नसतं किंवा जाता येत नाही, ते इथं येतात. रामहरी आणि बबितानं कोयता सोडला तो रामहरीच्या आईसाठी. चंद्रभागाबाईंचे गुडघे गेले होते, आणि म्हातारीला गावात एकटी ठेवून कारखान्याच्या फडात जाऊन राहणं रामहरीच्या जिवावर यायचं. "हितं निदान रोज घरला तर येतो आपण," असं तो म्हणायचा.

सुरुंगाचं काम इसाकभाईकडं. इसाकभाई तलवाड्याचा. त्याचा बाप विहिरी पाडायचा, आणि बापाची रीत त्यानं खदानीत आणली होती. दगडात घेतलेलं एकेक भोक भरलं की इसाकभाई त्या भोकाच्या तोंडाशी पडलेला एक खडा उचलायचा आणि मोजणाऱ्या बाईच्या ओंजळीत टाकायचा. जितकी भोकं तितके खडे. मग वाती पेटायच्या, माणसं मुरमाच्या ढिगाआड जायची, आणि एकेक बार उडेल तसा बाईनं एकेक खडा खाली टाकायचा. हात रिकामा झाला की सगळे बार उडाले. हातात खडा उरला तर समजायचं, आत एक बार मुका बसलाय. मग इसाकभाई स्वतः बघून येईपर्यंत कुणी पाऊल टाकायचं नाही. रीतीचा दुसरा भाग असा, की 'मोकळं' अशी आरोळी जो देईल त्यानंच सगळ्यांच्या आधी आत जायचं. आरोळी आपण द्यायची आणि पाय दुसऱ्याचे वापरायचे, हे चालायचं नाही.

मोजायचं काम बबिताकडं होतं. बार उडताना बाकीच्या बाया कानात बोटं घालत. ही डोळे मिटून ऐकत बसे. तिचा आकडा कधी चुकला नव्हता.

त्या दिवशी इसाकभाई मेहुणीच्या लग्नाला गेला होता. दगड संपून क्रशर थांबलं होतं, टिप्परवाले हॉर्न वाजवून डोकं उठवत होते. बंकटनं इसाकभाईच्या पेटीचं कुलूप फोडलं आणि स्वतःच बार भरले. खडे मात्र त्यानं बबिताच्या हातात दिले. रोज बघून बघून तेवढी सवय त्यालाही लागली होती. बार उडाले. बबिताच्या हातात एक खडा उरला. तिनं हात वर केला आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "एक हाय! आत एक हाय!"

बंकटनं तिच्या हाताकडं ढुंकूनही बघितलं नाही. "दोन एकात गेले असतील. व्हतं तसं," तो म्हणाला. मग त्यानंच आरोळी ठोकली, "मोकळं!" आणि रामहरीच्या पाठीवर थाप मारली. "जा बे, पहार घाल. टिप्पर लागू दे."

रामहरीनं एकदा बायकोकडं बघितलं. ती जोरजोरात मान हलवत होती. पण मुकादमाचा शब्द मोडला तर उद्यापासून काम नाही, आणि घरी म्हातारी. तो गेला. पहार दगडात घातली आणि राहिलेला बार त्याच्या तोंडावर फुटला.

पुढं जे झालं ते बबिताला त्या स्फोटापेक्षा जास्त लागलं. पोलीस आले तेव्हा बंकट रडला. खरोखरीचं पाणी काढून रडला. म्हणाला, रामहरी कुणाला न सांगता आत शिरला, सुरुंगाच्या कांड्या चोरायला. धरणावर कांड्या फोडून मासे मारणाऱ्यांना तो त्या विकायचा, मी दोनदा समजावलं होतं. ढिगाआड जी माणसं होती त्यांनी सगळं ऐकलेलं, सगळं बघितलेलं. एकानंही तोंड उघडलं नाही. मालकानं त्यांना चहा पाजला. बबिता ओरडून ओरडून सांगत होती, पण नवरा गेलेली बाई कशीही बोलते असं ठरवून साहेबांनी ते सोडून दिलं.

गावात रामहरीचं नाव कांडीचोर पडलं. मेलेल्या माणसाला नवं नाव मिळालं. चंद्रभागाबाई पाण्याला जायच्या बंद झाल्या, देवळात जायच्या बंद झाल्या. आणि एका संध्याकाळी भाकरी थापत असलेल्या सुनेला त्यांनी हळूच विचारलं, "बबे, खरं सांग. कधी घरात काय आणून लपवलं व्हतं का गं त्यानं?"

बबिताच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. पोराला बंकटनं मारलं ते एकदाच. आईच्या मनातून मात्र तो रोज थोडा थोडा मारत होता. त्या संध्याकाळी बबितानं ठरवलं, हे ती फेडणार. सासू डोळे मिटायच्या आत, बंकटच्याच तोंडून, चारचौघांत.

लोकांना वाटलं, आता ही खदान सोडील. तिनं सोडली नाही. बंकटनंही तिला काढलं नाही. "माझं मन मोठं हाय, विधवा बाईला काम देतो," हे त्याला जिथंतिथं सांगता येत होतं. मोजायचं कामही तिच्याकडंच राहिलं, कारण इसाकभाईनं दुसऱ्या कुणाच्या हातात खडे द्यायला साफ नकार दिला. उरलेला तो खडा तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला होता. पदर धुताना ती गाठ सोडायची, खडा तोंडात धरायची आणि धुऊन झालं की पुन्हा बांधायची.

खोटं कशाला सांगायचं, पहिले काही महिने तिच्या मनात फार वाईट होतं. रोज दुपारी बार उडताना ती देवाला एकच मागायची, आज एक मुका राहू दे. राहिला की खडा गुपचूप ओटीत सारीन, रिकामा हात दाखवीन, आणि बंकटला कशाच्या तरी निमित्तानं आत घालीन. पण इसाकभाईचा हात असा, की एक बार चुकेल तर शपथ! रोज तिचा हात रिकामा व्हायचा आणि रोज ती त्या भल्या माणसाला मनातल्या मनात दूषणं द्यायची. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, बंकट तुकडे तुकडे होऊन मेला तर गाव त्याच्या तेराव्याला जेवून येईल आणि कांडीचोर मात्र रामहरीच राहील. मेलेला माणूस खरं बोलत नाही. तिला बंकट जिवंत पाहिजे होता.

तर शिबिर. वरून तंबी आली होती की कामगारांना सुरक्षेचं शिक्षण दिल्याशिवाय खदानीचा परवाना पुढं वाढणार नाही. म्हणून हा थाट. सकाळी सगळ्यांना पिवळ्या टोप्या वाटल्या. "आतलं प्लास्टिक काढू नका," बंकट ओरडत फिरत होता, "संध्याकाळी वापस द्यायच्यात." बूटही आले होते, पण सगळे एकाच मापाचे, बाया चपला काढून बूट हातात घेऊन बसल्या. घरच्या माणसांनाही जेवायचं बोलावणं होतं, फोटोत गर्दी दिसावी म्हणून. चंद्रभागाबाई यायला तयार नव्हत्या. बबिता त्यांना रिक्षात घालून घेऊन आली आणि पुढच्याच रांगेत बसवलं.

शिकवायला आलेले रविराज साहेब तरुण होते, घामानं भिजलेले, पण मन लावून सांगत होते. धूळ छातीत कशी बसते, कान कसे जातात, शिट्टी किती वेळा वाजवायची. बबिताला माणूस आवडला. तो कुणालाही 'समजलं का' असं विचारायचा आणि उत्तराची वाट बघायचा. असं वाट बघणारं माणूस तिनं त्या खदानीवर पहिल्यांदाच बघितलं.

"बार उडाल्यावर सगळ्यात आधी आत कोण जातं?" साहेबांनी विचारलं.

कुणी बोलायच्या आत बंकट उठून उभा राहिला. पांढरा शर्ट, गळ्यात गमजा, छातीला बिल्ला. समोर मालकानं लावलेला व्हिडिओवाला होता, त्याच्याकडं तोंड करून तो म्हणाला, "मी सोता जातो साहेब. सगळ्यात आधी. माणसाच्या जिवाशी खेळ न्हाई करायचा, ही माझी शिस्त हाय. आमचा एक गडी मागं गेला, रामहरी. लई समजावलं त्याला. पण लोभ वाईट. चोरून आत शिरला, आन् गेला जिवानिशी. त्याची आई हितं बसलीय, तिला इचारा किती वाईट वाटतं."

चंद्रभागाबाईंनी पदर डोळ्यावर ओढला. बबितानं टाळ्या वाजवल्या. एकटीनंच. बंकट तिच्याकडं बघून हसला, त्याला वाटलं बाई ताळ्यावर आली. त्या हसण्यानं बबिताच्या अंगात जी आग गेली ती टाळूपर्यंत पोचली, आणि तिथंच तिचं ठरलं, आज.

"आता मला तुमची रोजची पद्धत बघायची आहे," रविराज साहेब म्हणाले. "दुपारचा बार नेहमीसारखा करा. मी फक्त बघतो, मग चुका सांगतो."

मालकाला ते फारसं रुचलं नाही. तालुक्याहून दोन पाहुणे आले होते आणि पातेल्यातलं मटण तयार होतं. पण साहेबांपुढं नाही म्हणता येईना. इसाकभाई आत गेला, बार भरू लागला. प्रत्येक भोकाचा खडा उचलून तो वर यायचा, बबिताच्या ओंजळीत टाकायचा आणि पुन्हा उतरायचा. बंकट त्याला म्हणाला, "आज आरोळी मी देणार. सुरक्षा प्रमुख मी हाय. व्हिडिओत यायला पायजे." इसाकभाईनं मान डोलावली. तो तसाही कमी बोलणारा माणूस.

शिट्टी वाजली. पाहुणे, साहेब, मालक, सगळे ढिगाआड आले. वाती पेटल्या. इसाकभाई पळत आला आणि बबिताच्या शेजारी बसला. बबितानं डोळे मिटले.

पहिला बार उडाला. खडा खाली. दुसरा, तिसरा. मालकाच्या पाहुण्यानं कानात बोटं घातली. बबिता एकेक खडा सोडत होती, आणि तिला प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येत होता, कुठला डाव्या हाताचा, कुठला खोलातला. शेवटचा खडा तिच्या तळहातावर होता तेव्हा क्षणभर सगळं शांत झालं. आज खरंच राहिला की काय? मग शेवटचा बार उडाला, दणदणीत, एकटा. तिनं तो खडाही सोडला. हात रिकामा झाला. इसाकभाईचे बार, चुकतील कसे?

तिनं मूठ मिटली. मिटलेल्या मुठीआड पदराची गाठ दातानं सोडली आणि रामहरीचा खडा तळहातावर घेतला. तो तिच्या अंगाच्या उबेनं गरम झालेला होता. मग ती उभी राहिली आणि सगळ्यांना दिसेल असा हात पुढं केला.

"एक उरला," ती म्हणाली.

इसाकभाईनं झटकन मान वळवली. कान त्यालाही होते. त्यानं खड्याकडं बघितलं. तो खडा जुना होता, घासून घासून गुळगुळीत झालेला. आज फोडलेल्या दगडाला अशी झिलई नसते. ते त्याच्याखेरीज कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. बबितानं त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला रडू फुटलं असतं.

"म्हणजे काय झालं?" रविराज साहेबांनी विचारलं.

इसाकभाईनं दाढीवरून हात फिरवला. "आमची रीत अशी हाय साब," तो सावकाश म्हणाला, "तिच्या हातात खडा हाय तवर आत बार हाय असं धरायचं."

"मग कुणीही हलायचं नाही. निदान अर्धा तास," साहेब म्हणाले. "बघा, हेच मी सकाळपासून सांगत होतो."

मालकाचं तोंड वाकडं झालं. पाहुणे घड्याळं बघू लागले. "बंकट, काय हे?" मालक दातओठ खात म्हणाला.

आणि बंकट बोलला. बबिताला वाटलं होतं त्याला जरा तरी आठवेल, जीभ जरा तरी अडखळेल. कशाची अडखळतेय! "काय न्हाई मालक," तो म्हणाला. "दोन एकात गेले असतील. व्हतं तसं." व्हिडिओवाल्याकडं तोंड करून, छाती काढून त्यानं आरोळी ठोकली, "मोकळं!"

तेच शब्द, एकही कमी-जास्त नाही. ढिगाआडच्या माणसांनीही ते ओळखले.

"मग चला मुकादम," बबिता म्हणाली. "आरोळी तुमची. आधी तुमी."

बंकटनं मागं वळून बघितलं. सवयीनं तो पाठीवर थाप मारायला एखादा गडी शोधत होता. एरवी कामाला धाडायला कुणीतरी सापडायचं. आज सगळे दोन पावलं मागं सरले होते.

"आत्ताच मांडवात म्हणलात ना," बबिता गोड आवाजात म्हणाली, "मी सोता जातो, सगळ्यात आधी. साहेबांनी ऐकलं, पाव्हण्यांनी ऐकलं."

"जा ना बे बंकट!" मालक खेकसला. "उभा कावून राह्यलास? जेवणं थंड व्हायलेत." आणि त्यानं बंकटच्या पाठीवर थाप मारली.

ती थाप बघून बबिताचं मन भरून आलं. दुःखानं नाही, सुखानं. असलं सुख माणसाला होऊ नये म्हणतात. तिला झालं, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

बंकट चार पावलं गेला. पुढं लाल फडकी बांधलेला दोर होता आणि दोराच्या पलीकडं धूर. दोराला हात लागला आणि त्याचे पाय थांबले. रविराज साहेब धावले. "अहो, जाऊ नका! वेड लागलंय का सगळ्यांना?"

"साहेब न्हाई म्हणतेत," बंकट पटकन म्हणाला आणि मागं वळला.

वळला तेव्हा त्याच्या वाटेत माणसं उभी होती. तीच, त्या दिवशी चहा पिलेली माणसं. कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात फावडं. कुणी बाजूला होत नव्हतं. मालकानं आवाज दिला तरी झालं नाही.

"साहेबांचं ऐकू नका मुकादम," बबिता म्हणाली. "तुमाला तर म्हाईतच हाय, मोकळं हाय. का न्हाई?"

रविराज साहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग माणसांकडं, मग ढिगामागंच मांडवाच्या खांबाला धरून उभ्या राहिलेल्या म्हातारीकडं. काहीतरी त्यांच्या ध्यानात येत होतं. "खरं सांगा," ते बंकटला म्हणाले. "आत बार आहे की मोकळं आहे?"

बंकटच्या पांढऱ्या शर्टाची पाठ भिजली होती. "तिच्या हातात खडा हाय ना साहेब," तो म्हणाला. "खडा असल्यावर आत कोण जाईल? मरायचंय का?"

"रामहरी गेला तवा माझ्या हातात खडा व्हता का न्हाई?"

बंकटनं दोराकडं बघितलं.

"व्हता का न्हाई? व्हता म्हण, न्हाईतर जा आत."

"व्हता." आवाज इतका बारीक, की मागच्यांनी 'काय म्हणला' असं एकमेकांना विचारलं.

"बाई, हे बंद करा!" मालक ओरडला. व्हिडिओवाला पोरगेला होता, त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं म्हणून तो चित्रण करतच राहिला.

चंद्रभागाबाई खांब सोडून पुढं आल्या. गुडघे साथ देत नव्हते, पण आल्या. बंकटच्या समोर उभ्या राहिल्या आणि त्याच्या हनुवटीला हात लावून त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं. "बंकट, माझ्याकडं बघ. माझं लेकरू चोराया गेलतं का?"

बंकटनं मागं बघितलं, तिथं धूर. पुढं बघितलं, तिथं माणसं. "न्हाई मावशे," तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते काढलेलं नव्हतं. "त्यानं कायबी चोरलं न्हाई. ती नको म्हणत व्हती. मीच म्हणलं, जा. मीच थाप मारली."

म्हातारीनं हात काढून घेतला आणि तो लुगड्याला पुसला. मग तिथंच खाली बसून ती लेकाचं नाव घेऊन रडायला लागली. किती तरी दिवसांनी तिनं ते नाव घेतलं होतं. बाया तिच्याभोवती गोळा झाल्या.

बबितानं दोर उचलला आणि खालून पलीकडं गेली.

मग काय गोंधळ! रविराज साहेब शिट्टी फुंकू लागले, थांबेचनात. बाया ओरडल्या. एक गडी धरायला धावला तर इसाकभाईनं त्याचा दंड धरला. "जाऊ दे तिला," तो म्हणाला. बबिता धुरात खोकत उतरली. फुटलेल्या दगडांवरून, जिथं रामहरीनं पहार घातली होती त्या अंगाला गेली. ती जागा आता उरली नव्हती. तिचीसुद्धा खडी होऊन कुठल्या तरी रस्त्याखाली गेली असणार. तिनं अंदाजानं एक कपार बघितली आणि त्यात तो खडा ठेवला. मग पोटातून ओरडली, "मोकळं!"

वर शिट्टी थांबली. बंकटला तेव्हा कळलं, आत काहीच नव्हतं. रिकाम्या खदानीला भिऊन त्यानं सगळं ओकून टाकलं होतं. तो दोराशी मटकन बसला. बबितानं खालून त्याचं तोंड बघितलं आणि पोटभर बघितलं.

ती वर आली तेव्हा रविराज साहेबांची शिट्टी अजून हातातच होती. "ताई, तुम्ही आज सगळे नियम मोडलेत," ते म्हणाले.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "तुमी शिकवलेलं समदं समजलंय मला. उद्यापासून पाळीन."

इसाकभाई मात्र तिला बाजूला घेऊन कडक बोलला. "बबिता, खडा पुन्यांदा खोटा धरायचा न्हाई. तुझ्या हातावर माणसं जगतेत. पुन्यांदा धरलास तर मी खडे दुसरीला देईन."

"पुन्यांदा कुठनं धरू, इसाकभाई?" ती म्हणाली. "एकच तर व्हता."

मटण त्या दिवशी बरंच उरलं. व्हिडिओ मालकानं पुसायला लावला, पण तोवर तो तलवाड्यापासून परळीपर्यंत लोकांच्या फोनवर पोचला होता. चौकशी नव्यानं सुरू झाली. चौकशा चालतात तशी ती चालली आहे. गावात कांडीचोर हे नाव आता कुणी घेत नाही, घेतलं तर चंद्रभागाबाई दारातून दगड भिरकावतात. बंकटचा बिल्ला गेला. दुसऱ्या खदानीवर त्याला कुणी घेईना, म्हणून मालकानं चौकशीच्या तारखा संपेपर्यंत त्याला इथंच मुकादम ठेवलं आहे. पण आता त्यानं कुणाला 'जा बे' म्हटलं की गडी पहार टेकवून उभे राहतात आणि सगळे एकच बोलतात, "आधी तुमी, मुकादम."

म्हणून रोज दुपारी बार उडाले की बंकट लाल दोराशी येऊन उभा राहतो. त्याला आत जायचं असतं, सगळ्यांच्या आधी. इसाकभाईचे बार अजूनही चुकत नाहीत, आणि बबिता आता मोजण्यात कसलीही लबाडी करत नाही. शेवटचा खडा पडतो, तिचा हात रिकामा होतो, ती मूठ मिटून पुढं करते. बंकट त्या मुठीकडं बघत घाम पुसत राहतो. बबिता त्याच्या तोंडाकडं बघते, आणि मूठ लगेच उघडत नाही.